धुळीचा दमा

धूळ ही वस्तु इतक्या परिचयाची आहे कीं, तिचें भय सहसा कोणास वाटत नाहीं. अंगावरची धूळ झटकतां येते, घरांतली केरसुणीनें निघते, आणि नाकांत गेलेली एका शिंकेसरशी बाहेर पडते. परंतु जी धूळ डोळ्यांस दिसते तिच्यापासून फुप्फुसास फारसा धोका नसतो. जी दिसत नाहीं तीच घातक होय. मिलीमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. मनुष्याच्या केसाची जाडी सुमारें ७० मायक्रॉन धरली, तर फुप्फुसाच्या टोंकाशीं असलेल्या वायुकोशांत जाऊन राहणारा कण बहुधा ५ मायक्रॉनांहून लहान असतो. म्हणजे एका केसाच्या जाडींत असे १४ कण शेजारीं शेजारीं सहज मावतील. नाकांतील केस आणि घशांतील ओलावा मोठ्या कणांस अडवितात. हा बारीक कण मात्र त्यांच्या हातावर तुरी देऊन आंत शिरतो.

मालवणचें नांव काढलें कीं शहरी माणसाच्या मनांत समुद्रांतला किल्ला, माडांच्या बागा आणि बांगड्याचें तिखलें हीं उभीं राहतात. १ मे १९८१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा काढण्यांत आला, आणि त्या नव्या जिल्ह्यास ह्याच किल्ल्यावरून सिंधुदुर्ग हें नांव मिळालें. अशा स्वच्छ हवेच्या मुलखाचा आणि धुळीच्या रोगाचा संबंध काय, असें कोणीहि विचारील. संबंध आहे, व तो दोन वाटांनीं आलेला आहे. एक वाट मुंबईहून परत येते. दुसरी जिल्ह्याच्याच जमिनींतून निघते.

मुंबईची वाट जुनी आहे. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर ह्यांनीं मुंबईंत कापडगिरणीची कंपनी काढली, आणि पुढील सवाशें वर्षें कोंकणांतील तरुणांस गिरणी हाच मोठा आधार झाला. मालवण, देवगड, वेंगुर्लें येथून बोटीनें निघालेला मुलगा परळ-लालबागच्या एखाद्या गाळ्यांत गांवच्याच दहा-पंधरा जणांबरोबर राही, खानावळींत जेवी, बदली म्हणून महिनोन्‌महिने गिरणीच्या दारांत उभा राही, आणि एकदां आंत चिकटला म्हणजे तीस-तीस वर्षें तेथेंच काढी. गांवीं येणाऱ्या त्याच्या मनिऑर्डरीवर भाताचें बियाणें, बहिणीचें लग्न आणि घरावरचीं कौलें हीं सर्व अवलंबून असत. ही मनिऑर्डर सर्वांस दिसे. ती पाठविणाऱ्याच्या छातींत काय सांठत होतें, तें मात्र कोणी पाहिलें नाहीं.

कापसाच्या गांठी फोडून त्यांतील कचरा काढणारें ब्लोरूम, आणि तो कापूस पिंजून त्याचे पेळू करणारें कार्डिंग, हीं गिरणींतील सर्वांत धुळकट खातीं. तेथील हवेंत उडणाऱ्या तुसांत केवळ कापूस नसतो; बोंडाभोंवतालच्या सुकलेल्या पानांचा चुरा आणि त्यावर वाढणाऱ्या जंतूंचें विष हींहि असतात. हा चुरा वर्षानुवर्षें श्वासावाटे आंत गेल्यानें जो रोग होतो त्यास वैद्यकांत बिसिनोसिस म्हणतात. ह्या रोगाची एक खूण इतकी विलक्षण आहे कीं, ती प्रत्येकानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामगार कामावर जातो त्याच दिवशीं, कांहीं तासांनीं, त्याची छाती आवळल्यासारखी होते, खोकला येतो, दम लागतो. आणि दुसरे दिवशीं पुन्हां बरें वाटतें. साध्या दमेकऱ्याचें किंवा क्षयरोग्याचें दुखणें असें वार पाहून येत नाहीं. विश्रांति मिळाल्यावर माणूस ताजातवाना व्हावयाचा, तो उलट पहिल्याच दिवशीं मलूल होतो. प्रथम हा त्रास एखाद्या सोमवारीं होतो, मग प्रत्येक सोमवारीं, मग मंगळवारीं-बुधवारींहि, आणि शेवटीं आठवड्याचे सर्व वार सारखेच होतात. इंग्लंडांत डॉ. शिलिंग ह्यांनीं ह्या रोगाच्या ज्या पायऱ्या ठरविल्या, त्या नेमक्या ह्याच क्रमानें. पहिल्या पायऱ्यांवर असतांना खातें बदललें तर माणूस सुधारतो. शेवटच्या पायरीवरून मागें येतां येत नाहीं.

खेदाची गोष्ट अशी कीं, ही खूण कामगारास अनुभवानें ठाऊक असे, परंतु तिचा अर्थ ठाऊक नसे. आणि अर्थ सांगूं शकणारा माणूस भेटेपर्यंत खूणच पुसली गेलेली असे. मालवणच्या एखाद्या वाडींत असा वृद्ध गिरणीवाला डोळ्यांसमोर आणावा. सोमवारची आठवण त्यास आतां राहिलेली नाहीं. "चढणीर धाप लागता, बाकी काय नाय," एवढेंच तो सांगतो. घरचे म्हणतात, वय झालें. शेजारी म्हणतात, विड्या ओढल्या. तालुक्याचे डॉक्टर छातीचें क्ष-किरण चित्र काढतात, आणि त्यांत विशेष कांहीं दिसत नाहीं. हें न दिसणेंच फसवें आहे. बिसिनोसिसची म्हणून अशी खास छाया त्या चित्रांत उमटत नाहीं. त्याचें निदान मुख्यतः रोग्याच्या हकीकतीवर आणि श्वासाच्या मापनावर अवलंबून असतें. परळच्या केईएम इस्पितळांत, म्हणजे गिरणगांवाच्या ऐन मध्यावर, डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्या विषयाचा अभ्यास केला होता. बिसिनोसिस आणि श्वासमार्गाचा इतर जुनाट रोग हे एकमेकांपासून कसे ओळखावे, ह्यावर त्यांचा निबंध १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीं, १८ जानेवारी १९८२ रोजीं, डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्याच्या ओघांत हजारों माणसें गांवाकडे परतलीं. ज्यांची तपासणी परळांत चालतां चालतां होऊं शकली असती, ते मालवण-कणकवलीच्या वाड्यांवर विखुरले. शास्त्र तयार झालें आणि रोगी निघून गेला, असा हा योग.

इटालियन वैद्य रामाझिनी ह्यानें १७०० सालीं कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांत त्यानें वैद्यांस बजावलें आहे कीं, रोग्यास इतर प्रश्न विचारतांना त्याचा धंदा कोणता हेंहि विचारावें. ह्या गोष्टीस तीनशें वर्षें होऊन गेलीं. तरी इस्पितळांतील केसपेपरावर वय, वजन आणि पत्ता असतो, धंदा क्वचित् असतो, आणि पूर्वींचा धंदा तर त्याहूनहि क्वचित्. डॉक्टरांस वेळ नसतो हें खरें. मग हें काम घरांतल्या लिहित्या-वाचत्या माणसानेंच केलें पाहिजे. "तात्या, तुम्ही कोणत्या खात्यांत होतां, किती वर्षें होतां, आणि सुट्टीनंतर पहिल्या दिवशीं तुम्हांस कसें वाटे?" एवढे तीन प्रश्न विचारून उत्तरें एका कागदावर लिहून नेलीं, तर डॉक्टरांचें अर्धें काम होतें.

आतां दुसरी वाट. कणकवली तालुक्यांतील कासार्डें, पियाळी ह्या बाजूस सिलिका वाळूच्या खाणी आहेत. ही वाळू कांच बनविण्यास आणि लोखंड ओतण्याचे सांचे करण्यास लागते. तिचा मुख्य घटक गार, म्हणजे स्फटिकरूप सिलिका. ओली असतांना तिच्यापासून फारसें भय नाहीं. सुकी चाळतांना, दळतांना, भरतांना जो धुरळा उडतो तो घातक. जांभ्याचा चिरा यंत्रानें कापणें, काळा दगड फोडून खडी करणें, बोगद्यासाठीं खडकास भोंकें पाडणें, ओतशाळेंत सांचे फोडणें, ह्या सर्व कामांत कमीअधिक प्रमाणांत हाच प्रश्न येतो. कमीअधिक म्हणावयाचें कारण असें कीं, प्रत्येक दगडांत मुक्त सिलिकेचें प्रमाण सारखें नसतें. धूळ पुष्कळ म्हणून रोग निश्चितच, असें समजणें बरोबर नाहीं. शहरांतील कुटुंबांनींहि हा प्रश्न दूरचा मानूं नये. स्वयंपाकघराच्या ओट्याचा दगड इमारतीच्या जिन्यांत कोरडा कापला जातो, तेव्हां उडणारा पांढरा धुरळा पुष्कळदां ह्याच जातीचा असतो, आणि तोंडास रुमाल बांधून तो कापणारा पोरगा त्याच घरच्या कामावर आलेला असतो. गारेचा चुरा चिकटवून केलेल्या कृत्रिम दगडाच्या धुळीनें ऑस्ट्रेलियांत इतके तरुण कारागीर आजारी पडले कीं, त्या देशानें १ जुलै २०२४ पासून असा दगड वापरण्यास बंदी घातली. कापतांना पात्यावर पाण्याची धार धरली तर बरीचशी धूळ जागच्या जागीं बसते. रुमालानें हा कण अडत नाहीं.

ह्या धुळीच्या रोगास सिलिकोसिस म्हणतात. फुप्फुसांतील रक्षक पेशी कण गिळते, परंतु कण पचत नाहीं. पेशी मरते, कण मोकळा होतो, आणि दुसरी पेशी त्यास गिळते. ह्या झटापटींत मऊ फुप्फुसांत वण पडत जातात व गांठी होतात. साधारणतः ह्यास दहा वर्षें किंवा अधिक काळ लागतो. धूळ अतोनात असल्यास फार थोडा काळहि पुरतो. अमेरिकेंत वेस्ट व्हर्जिनियांतील हॉक्स नेस्ट येथें १९३० सालीं गारेच्या खडकांतून बोगदा खणण्यास सुरुवात झाली, तेथें शेंकडों मजूर असे अल्पावधींत बळी पडले. भारतांत कोलारच्या सोन्याच्या खाणींतील ह्या रोगाची नोंद १९४७ सालीं पुढें आली. धुळीचें काम सोडल्यावरहि हा रोग वाढत राहूं शकतो, आणि त्यास मुळापासून बरें करणारें औषध नाहीं.

सिलिकोसिस ओळखण्यांतील खरा घोटाळा क्षयाशीं आहे. हा रोग झालेल्या माणसास क्षय लवकर जडतो. आणि क्षय नसतांनाहि छातीचें चित्र क्षयासारखें दिसूं शकतें. थुंकी तपासावी तर जंतु सांपडत नाहींत, क्षयाचीं औषधें दोन-दोनदां होतात, आणि धाप होती तशीच राहते. अशा रोग्याविषयीं डॉक्टरांस स्पष्ट सांगावें कीं, हा माणूस इतकीं वर्षें दगडाच्या धुळींत होता. ह्या एका वाक्यानें तपासणीची दिशा बदलते. मग छातीचें चित्र आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या नमुना-चित्रांशीं ताडून पाहतात व यंत्रांत फुंकर मारावयास लावून श्वासाची शक्ति मोजतात. क्षयाची थुंकी मात्र त्यांतहि तपासावीच. एक रोग ठरला म्हणून दुसरा नाहीं असें होत नाहीं.

पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, नुकसानभरपाई हात तुटला तर मिळते, दम लागला तर नाहीं. ही समजूत चुकीची आहे. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून अंमलांत आला, तेव्हांपासूनच धंद्यामुळें जडणारे कांहीं रोग अपघातासमान मानण्याचें तत्त्व त्यांत होतें. त्या रोगांच्या यादींत पुढें सिलिकोसिस, आस्बेस्टॉसिस व कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस हेहि आले. ब्रिटनमध्यें बिसिनोसिससाठीं वेगळा कायदा १९४० सालीं झाला. भारतांतील १९२३ च्या कायद्याची जागा आतां २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. आयुक्ताचे ठिकाणीं तींत सक्षम प्राधिकारी हा शब्द आला आहे.

तथापि एक अडचण मुळांतच आहे. हा कायदा अपघात डोळ्यांसमोर ठेवून रचलेला. अपघातास तारीख असते, जागा असते, पाहणारा असतो. रोगास ह्यांपैकीं कांहींच नसतें. म्हणून १९२३ च्या कायद्यानें तारीख कल्पून घेतली: रोगामुळें माणूस ज्या दिवसापासून सलग गैरहजर राहिला तो पहिला दिवस अपघाताचा समजावा, नोकरी सुटल्यावर दोन वर्षांच्या आंत लक्षणें दिसलीं, तर तीं प्रथम आढळलीं तो दिवस धरावा. तेथून दोन वर्षांत दावा दाखल व्हावा, अशी त्या कायद्याची मुदत होती, आणि सबळ कारण असल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तास होता. गांवीं परतलेल्या गिरणीवाल्यांपैकीं पुष्कळांची गोष्ट ह्या दोन वर्षांच्या कुंपणापाशीं थांबली. त्यांस रोगाचें नांव कळलें नव्हतें, मग मुदत कोठून कळणार? जो रोग प्रकट होण्यास दहा-वीस वर्षें लागतात त्यास दोन वर्षांची मुदत लावणें कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. परंतु नियम आहे तोंवर त्याप्रमाणेंच चाललें पाहिजे. जो आज खाणींत, खडीच्या यंत्रावर किंवा दगड कापण्याच्या कामावर आहे, त्याच्या हातांत वेळ आहे. निदान ज्या दिवशीं लेखी मिळालें त्याच आठवड्यांत मालकास लेखी सूचना द्यावी व तिची पोंच ठेवावी.

कायद्यांतील कांहीं गोष्टी कामगाराच्या बाजूच्या आहेत, आणि त्या फारशा कोणास ठाऊक नसतात. १९९५ सालच्या दुरुस्तीनें दावा, अपघात झाला त्या ठिकाणींच नव्हे, तर अर्जदार जेथें नेहमीं राहतो तेथेंहि दाखल करण्याची मोकळीक दिली; मालवणच्या माणसानें त्यासाठीं मुंबईच्या खेपा घालाव्या असें नाहीं. काम ठेकेदाराकडून करून घेतलें, तरी ज्याच्या धंद्यासाठीं तें झालें त्या मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाहीं. "माझी कसलीहि मागणी राहिली नाहीं" अशा मजकुरावर हिशेबाचे वेळीं सही घेण्याची चाल सर्वत्र आहे. पण नुकसानभरपाईचा हक्क सोडून देणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातलच ठरतो. ज्यांचें नांव कर्मचारी राज्य विमा योजनेंत आहे त्यांनीं मात्र दावा मालकावर न करतां विमा महामंडळाकडे करावयाचा असतो. तेथें वैद्यकीय मंडळ कमाईची शक्ति शेंकडा किती घटली हें ठरवितें. ह्या मार्गानें पूर्वीं फळ मिळालेलें आहे.  मुंबईंतील आस्बेस्टॉसच्या एका कारखान्यांतील कामगारांच्या आस्बेस्टॉसिसची पाहणी डॉ. मुरलीधर व विजय कान्हेरे ह्यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केली, आणि तेथील रोगी कामगारांस भरपाई मिळाली.

दाव्याचा जीव कागदांत असतो. हजेरीचें किंवा पगाराचें कार्ड, विम्याचा क्रमांक, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, बदलीचा पास, नोकरी सुटल्याचें पत्र, ठेकेदाराच्या वहींतील नोंदीचें छायाचित्र, ह्यांपैकीं जें असेल तें एका पिशवींत घालून कोरडें ठेवावें. कोंकणच्या पावसांत आणि वाळवींत कागद टिकत नाहीं, हें निराळें सांगावयास नको. कागदच नसेल तर बरोबर काम केलेल्या दोघांचे जबाब उपयोगीं पडतात. ते हयात आहेत तोंवर घ्यावे. क्ष-किरण चित्रें प्रत्येक वेळचीं तारखेसह जपावीं, कारण रोग वाढत गेला हें त्यांच्या क्रमावरूनच दिसतें. विडीचें व्यसन असेल तर तें लपवूं नये. समोरचा वकील तो मुद्दा काढणारच. परंतु विडी ओढणाऱ्यास धुळीचा रोग होत नाहीं असें कोणतेंहि शास्त्र सांगत नाहीं.

डॉक्टरांचेंहि एक कर्तव्य आहे. यादींतील रोग आढळल्यास तो सरकारी निरीक्षकास कळविण्याचें बंधन १९४८ च्या कारखाना कायद्यानें घातलें होतें, आणि तें कामगारांच्या सुरक्षिततेविषयींच्या २०२० च्या संहितेंतहि कायम आहे. डॉक्टरांस ह्याची आठवण नम्रपणें करून देण्यास हरकत नाहीं.

रकमेची कल्पना एका उदाहरणानें येईल. कायमची पूर्ण अपात्रता आल्यास मासिक वेतनाच्या शेंकडा ६० भागास वयाच्या कोष्टकांतील आंकड्यानें गुणावें, अशी रीति आहे. मृत्यु आल्यास शेंकडा ५० भागास. ४० वर्षांच्या वयास १९२३ च्या कायद्याच्या कोष्टकांत १८४.१७ हा आंकडा आहे. वेतन १५,००० रुपये धरलें, तर ९,००० गुणिले १८४.१७ म्हणजे १६,५७,५३० रुपये होतात. अपात्रता अंशतः, समजा शेंकडा ३० ठरली, तर ह्याचे शेंकडा ३० म्हणजे ४,९७,२५९ रुपये. अपात्रतेच्या ह्या टक्क्यावर सर्व अवलंबून असल्यानें तो ठरविणाऱ्या श्वासमापनाचे कागद किती मोलाचे, हें वेगळें सांगण्याची जरूरी नाहीं.

न्यायालयांनींहि ह्या प्रश्नांत लक्ष घातलेलें आहे. २७ जानेवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यांत आरोग्य हा कामगाराचा मूलभूत हक्क ठरविला, आणि त्यांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षें जपण्याचा आदेश दिला. ४ मे २०१६ चा निकाल तर कोंकणी कुटुंबांनीं विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. मध्य प्रदेशांतील मजूर गुजरातेंत गार दळण्याच्या कारखान्यांत गेले, तेथें धूळ घेऊन घरीं परतले, आणि घरीं मेले. अशा २३८ मृतांच्या वारसांस प्रत्येकीं तीन लाख रुपये गुजरात सरकारनें द्यावे, असें न्यायालयानें ठरविलें. काम एका मुलखांत आणि मरण दुसऱ्या मुलखांत, म्हणून जबाबदारी कोणाचीच नाहीं, हें म्हणणें तेथें टिकलें नाहीं. राजस्थानानें २०१९ सालीं सिलिकोसिससाठीं वेगळें धोरण आंखून रोगाचा दाखला मिळतांच तीन लाख, व मृत्यूनंतर कुटुंबास आणखी दोन लाख रुपये देण्याची व्यवस्था केली.

वारसांच्या दाव्याविषयीं एक सूचना राहिली. मृत्यूच्या प्रकरणीं १९२३ च्या कायद्यानें दोन वर्षें मृत्यूच्या दिवसापासून मोजलीं जात, आणि पुरावा म्हणून मृत्यूच्या कारणाचा दाखला महत्त्वाचा असतो. त्यावर बहुधा हृदय बंद पडलें एवढेंच लिहिलेलें असतें. हृदय तर प्रत्येकाचेंच बंद पडतें. म्हणून दाखला लिहिला जाण्यापूर्वींच कुटुंबांतील कोणी जुनें क्ष-किरण चित्र आणि निदानाचा कागद डॉक्टरांपुढें ठेवून मूळ रोगाची नोंद करण्याची विनंति करावी. त्या कायद्याप्रमाणें अशा प्रकरणांतील रक्कम मालकानें परस्पर वारसांच्या हातीं देऊन भागत नसे. ती आयुक्ताकडे भरावी लागे, आणि विधवा, अज्ञान मुलें व आईबाप ह्यांत तिची वांटणी तोच ठरवी. दाराशीं येऊन कोणी दहा-वीस हजार रुपये हातावर ठेवून कागदावर अंगठा मागूं लागला, तर ती कायद्याची भरपाई नव्हे.